ठिसूळ हिवाळा

डिसेंबर लागला की मी सकाळी दार उघडून आधी फाटकाची लोखंडी कडी मुठीत धरतो. कडी गार लागली की बरं वाटतं. बोटं बधिर होतील इतकी गार लागली, तर तिथेच थोडा वेळ उभा राहतो. मग सून आतून हाक मारते, "बाबूजी, अंदर आइए ना, ठंड लग जाएगी." नातू दात घासत घासत विचारतो, "आजोबा, रोज गेटला काय चेक करता? भाग थोडी जाएगा!" मी हसतो आणि आत येतो. नेहरू नगरातलं आमचं घर हायवेला लागून आहे. धुक्यात ट्रकचे दिवे पिवळ्या फुलांसारखे एकामागून एक उमलत येतात आणि कुम्हारीच्या दिशेनं विझत जातात.

भिलाई म्हटलं की लोकांना ऊन आठवतं, भट्ट्या आठवतात. इथली थंडी कुणाच्या खिजगणतीत नसते. ती येतेही पाहुण्यासारखी, आणि आंब्याला मोहोर धरला की निघून जाते. पण माझ्या आयुष्यात एक हिवाळा असा आहे, की त्यानंतरचे सगळे हिवाळे मला त्याचीच धाकटी भावंडं वाटतात.

कारखाना तेव्हा उभा राहत होता. जिकडेतिकडे लाल मुरूम, खोदलेले चर आणि क्रेनच्या लांब माना. वाऱ्यावर सिमेंटचा वास, आणि त्याच्या जोडीला वेल्डिंगच्या धुराचा तो तुरट, जिभेवर बसणारा वास. नागपूरला मी रशियन भाषा शिकलो होतो. का शिकलो, ते आता नीटसं सांगता येत नाही. वर्ग घराजवळ होता आणि नोकरी मिळेल असं म्हणत होते, एवढंच. नोकरी मिळाली. मी दुभाषा झालो. दोन माणसांच्या मधे उभं राहायचं, एका बाजूनं आलेलं दुसऱ्या बाजूला द्यायचं, आणि आपल्याजवळ काही ठेवायचं नाही, असं ते काम.

मला नेमून दिलं होतं ते वेरा पेत्रोव्ना नावाच्या धातुतज्ज्ञ बाईंच्या हाताखाली. पन्नाशीकडे झुकलेल्या, रुंद खांद्याच्या, पांढरे केस आखूड कापलेल्या. आम्ही सगळे घोंगड्या गुंडाळून कुडकुडत असू, तेव्हा त्या सुती फ्रॉकवर फिरत. "ही थंडी?" म्हणून हसत. त्यांच्या गावी म्हणे हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना त्यांचा चेहरा मुलीसारखा व्हायचा.

मी राहायचो कॅम्पातल्या टिनाच्या खोल्यांत. शेजारी सुखदेवदादा आणि कौशल्यावहिनी. सुखदेवदादा भंडाऱ्याकडचे. घरी थोडी धानाची शेती, ती भावांच्या हाती सोपवून इथे माती खोदायला म्हणून आले, आणि वेल्डरचं काम करणाऱ्या माणसाकडे बघत बघत त्यात शिरले. ट्रेनिंग घेतलं, परीक्षा पास झाले. काळी काच डोळ्यांपुढे धरून ते बसले की आजूबाजूला काय चाललंय याचं त्यांना भान नसे. घरी आले की डोळे लाल, पण मन शांत. "मास्तर," मला म्हणायचे, हातात नेहमी पुस्तक असायचं म्हणून मी मास्तर, "दोन लोखंडं एक होताना पाहिली ना, का मग मले दुसरं काही पाहावंसंच वाटत नाही."

पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या होत्या. गोल, लोखंडी, जमिनीवरच बसवलेल्या. शेजारी शेजारी, जुळ्या बहिणींसारख्या. जाड पाटे, म्हणजे पोलादाच्या प्लेटी, रोलरमधून गारच वाकवून आणले होते आणि जागेवर जोडले होते. दोन्हींच्या खालच्या घेराचे जोड सुखदेवदादांच्या हातचे. जोड पूर्ण झाला की वेल्डरनं शेजारी आपला नंबर ठोकायचा, असा नियम होता. ठसा पोलादी, बोटाएवढा. हातोडीचा एक घाव, की नंबर कायमचा. टाक्या जोडून झाल्या, पण नळ यायला वेळ लागला. दोन उन्हाळे त्या रिकाम्याच उभ्या राहिल्या. मे महिन्यात त्यांच्यावर हात ठेवायची सोय नव्हती, असं सुखदेवदादा सांगत.

त्या हिवाळ्यात पहिली टाकी भरली. आणि थंडीची मोठी लाट आली त्या आठवड्यात, एका सकाळी, उजाडता उजाडता, ती फुटली.

मी तेव्हा नळावर तोंड धूत होतो. तोफ उडावी तसा एकच आवाज झाला. मग पाण्याचा लोंढा. टाकीच्या बुडाशी रेजा, म्हणजे माती वाहणाऱ्या छत्तीसगढी बाया, रोज काटक्या पेटवून शेकत बसायच्या. त्या दिवशी मुकादमानं हाक मारली म्हणून नुकत्याच उठल्या होत्या. त्यांच्या टोपल्या, घमेली, एकीची नवी चप्पल, सगळं पाण्यानं पार रस्त्यापलीकडे नेलं. माणूस एकही गेला नाही. पण त्या बाया ज्या तऱ्हेनं एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, ते मी विसरलो नाही.

पाणी ओसरल्यावर सगळे टाकीजवळ जमले. वरपासून खालपर्यंत टाकी उकलली होती. भेग जोडाला अगदी चिकटून गेली होती. कुणीतरी खाली वाकून जोडाशेजारचा नंबर वाचला आणि मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांच्या माना वळल्या. सुखदेवदादा तिथेच उभे होते.

"कच्चा वेल्ड," कुणी म्हणालं. एवढंच. पण असे शब्द कॅम्पात वाऱ्यासारखे पसरतात. साइटचे इंजिनिअर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना दुसरी टाकी भरायची होती, काम खोळंबलं होतं, आणि तिच्यावरही तोच नंबर होता. चौकशी होईपर्यंत त्यांनी सुखदेवदादांचा ठसा काढून घेतला आणि त्यांना गोडाऊनमधे बोल्ट निवडायला बसवलं.

त्या दिवसांत शेजारच्या खोलीतून आवाज येईनासा झाला. एरवी तव्यावर भाकर आपटल्याचा, मुलीला रागावल्याचा, कशाचा ना कशाचा आवाज असायचाच. एका दुपारी कौशल्यावहिनी माझ्या दाराशी आल्या. पदराखाली वाटी, तीत जवसाची चटणी. चटणी हे निमित्त.

"भाऊजी, तुमी त्या रशियन बाईसंग रायता. तिले विचारा ना, यायचा जोड खरंच कच्चा होता का?"

"विचारेन. पण वहिनी, ती जे सांगेल ते सांगेल. मला त्यात फिरवाफिरव करता येणार नाही."

"फिरवा म्हणते का मी?" त्या जरा तडकल्याच. मग हळू झाल्या. "हे झोपत नाहीत. नुसते पडून राहतात, अन् सारखे म्हणतात, त्या बाया उठल्या नसत्या तर? मी म्हणते, उठल्या ना? तर म्हणतात, मी उठवल्या का? काय असन ते एकदाचं समजू द्या. कच्चं असन तर कच्चं. पण असं मंधातच नका ठेवू."

मी वाटी घेतली. त्या परत गेल्या. टिनावर ऊन तापत होतं, तरी सावलीत थंडी होती.

वेरा पेत्रोव्नांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी आधीच फुटलेल्या टाकीचे तुकडे कापून आणवले होते: जोडाचे वेगळे, शेजारच्या पाट्याचे वेगळे. आवारात त्याच खेपेचा एक पाटा पडला होता, कधीच न वाकवलेला. त्याचाही तुकडा घेतला. आणि त्याचाच आणखी एक तुकडा त्यांनी आदल्या दिवशी गारच वाकवून घेतला. सगळ्यांच्या बोटाएवढ्या कांड्या केल्या, प्रत्येक कांडीला मधे एक खाच पाडली. मग मला म्हणाल्या, "त्या वेल्डरला बोलाव. त्याच्या मागे त्याच्याबद्दल बोलणं मला आवडत नाही."

सुखदेवदादा आले. धुतलेला सदरा घालून आले होते, जणू कोर्टातच. इंजिनिअर साहेबही आले.

प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. वर जड हातोडा, घड्याळाच्या लंबकासारखा टांगलेला. कांडी खाली आडवी ठेवायची आणि हातोडा सोडायचा. तो खाली येतो, कांडी मोडतो आणि पलीकडे वर जातो. कांडी चिवट असेल तर तिला मोडताना त्याची ताकद संपते, पलीकडे जेमतेम चढतो. ठिसूळ असेल तर मधे काही नव्हतंच अशा थाटात थेट वर जातो. इतकं सोपं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं, यात शिकायचं ते काय? त्या दिवशी मात्र मी त्या हातोड्यावरून नजर हलवली नाही.

आधी जोडाची कांडी. बर्फात ठेवून काढलेली. हातोडा आला, धप्प झालं आणि तो पलीकडे अडखळल्यासारखा थांबला. वेरा पेत्रोव्नांनी तुकडे सुखदेवदादांच्या हातात दिले. मोड, म्हणजे तुटलेली बाजू, करडी, धाग्याधाग्याची, ओल्या लाकडाची ढलपी निघावी तशी. "जोड चांगला आहे," त्या म्हणाल्या. मी मराठीत सांगितलं. सुखदेवदादा तुकडा फक्त उलटापालटा करत राहिले.

मग टाकीच्या पाट्याची कांडी, जोडाशेजारची. कोमट पाण्यातून काढली, तेव्हा बऱ्यापैकी तगली. तसलीच दुसरी बर्फातून काढली. हातोडा सुटला, टक् असा कोरडा आवाज आला आणि हातोडा वर, वर, पार टोकाला गेला. मोड चकचकीत होती, खडीसाखरेसारखी.

न वाकवलेल्या पाट्याची कांडी बर्फातूनही तगली. काल वाकवलेलीही बरीच तगली. वेरा पेत्रोव्नांनी सगळे तुकडे टेबलावर ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "पोलाद गार असताना वाकवलं. त्याला ते लगेच बाधत नाही. पण पुढे पडून पडून, जोडाच्या आचेनं, तुमच्या उन्हानं, ते आतून म्हातारं होत जातं. मग थंडी आली की मोडतं."

रशियनमधे त्यांनी वापरलेला शब्द म्हातारं होणं हाच होता. मी तोच ठेवला. सुखदेवदादांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"म्हातारं? दोन वर्षात?" ते म्हणाले. "मास्तर, नीट विचारा. आमच्या घरी नांगराचा फाळ आज्याच्या वेळचा हाय. तो नाही झाला म्हातारा, अन् हे टाकीचं कावून झालं?"

मी विचारलं. वेरा पेत्रोव्ना खुश झाल्या, खुर्ची ओढून बसल्याच. "फाळ लोहारानं लाल करून ठोकला असेल. लाल असताना पोलाद काही मनाला लावून घेत नाही. गार असताना वाकवलं, तर ते धरून ठेवतं."

हे वाक्य मी मराठीत कसं नेलं ते मला अजून आठवतं. मी म्हटलं, "दादा, गार वाकवलं का ते मनात धरते."

"हाव," सुखदेवदादा म्हणाले. "हे समजलं."

इंजिनिअर साहेबांनी सुस्कारा सोडला. वेल्डर सुटला होता, त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. ते उठले. पण वेरा पेत्रोव्ना उठल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हातारं पोलादसुद्धा आपोआप फुटत नाही. भेग कुठून तरी सुरू झाली. चला, पाहू."

टाकीपाशी गेलो. भेगेच्या कडेवर बारीक रेषा होत्या, माशाच्या काट्यासारख्या. वेरा पेत्रोव्नांनी बोट ठेवून दाखवलं: काट्यांची टोकं सगळी एकाच दिशेला, भेग जिथून निघाली तिकडे वळलेली. आम्ही त्या रेषांमागे चालत गेलो, वाकत, बसत. रेषा जोडावर गेल्याच नाहीत. त्या खाली, शिडीसाठी बसवलेल्या एका लहानशा ब्रॅकेटपाशी येऊन थांबल्या. ब्रॅकेटच्या वेल्डखाली पाट्यावर एक बारीक खाच खाल्ली गेली होती, नखाएवढी.

ब्रॅकेटवर कुणाचा नंबर नव्हता. असल्या फुटकळ कामावर कुणी नंबर ठोकत नसे. तिथे पाच-पंचवीस जणांनी काम केलेलं. कुणाचंही असू शकलं असतं. इंजिनिअर साहेब म्हणाले, "आता हे कुणी केलं कोण सांगणार?" आणि विषय तिथे संपलाही असता.

सुखदेवदादा उकिडवे बसले. त्या खाचेवरून अंगठा फिरवला.

"माझं हाय हे," ते म्हणाले.

वेरा पेत्रोव्नांना मराठी कळत नव्हतं, साहेब परत निघाले होते. मला कळलं. मी गप्प राहिलो. दोन माणसांच्या मधे उभ्या राहणाऱ्याला असा एक क्षण मिळतो, की त्यानं तोंड उघडलं नाही तर गोष्ट जिथल्या तिथे राहते.

"सांगा तिले, मास्तर."

"दादा, आता सुटलात तुम्ही."

"सांगा ना. संध्याकाळची वेळ होती, ऊन डोळ्यावर येऊन राहिलं होतं. वेल्डिंगचा रॉड बोटभर उरला होता. म्हटलं, शिडीचंच तर हाय, काय होते? करंट जास्त होता, खाल्लं पाट्याले. दिसलं मले. तसंच सोडलं." ते उभे राहिले. "त्या दुसऱ्या टाकीलेबी मीच बसवले ब्रॅकेट. तिथंबी पाहा लागते. म्हणून सांगा."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. वेरा पेत्रोव्नांनी ऐकून घेतलं, आणि मग जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी सुखदेवदादांना सोडलं नाही. म्हणाल्या, "चूक आहे. दिसली होती आणि सोडली, ही जास्त मोठी चूक." ते मी सांगितलं. सुखदेवदादांनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "चांगलं पोलाद अशी खाच पोटात घालतं. म्हातारं आणि गारठलेलं घालत नाही. तिन्ही गोष्टी एका जागी आल्या. यातली एक जरी नसती, तरी टाकी उभी असती. मी तिन्ही लिहीन, फक्त हीच लिहिणार नाही."

मराठीत चिवट हा शब्द आपण माणसांसाठी किती सहज वापरतो. चिवट म्हातारी, चिवट रोप. रशियनहून तो मराठीत आणताना मला कधी अडचण आली नाही. आता माझं वय झालं. गुडघे थंडीत बोलतात, जुन्या गोष्टींचा राग मधेच उफाळतो, आणि सून म्हणते तसं मी कधी कधी उगाच तुटून पडतो. चिवट असणं ही काही एकदा मिळवून ठेवायची गोष्ट नव्हे, हे मला पुस्तकातून नाही, त्या टेबलावरच्या तुकड्यांतून कळलं. गरमीत तगतो तोच तुकडा थंडीत तगेल असं नसतं. पण हे कळून मी फार शहाणा झालो असंही नाही.

दुसऱ्या टाकीचं काम सुखदेवदादांनाच मिळालं. इंजिनिअर साहेब आधी तयार नव्हते. मग स्वतःच म्हणाले, "कुठे काय सोडलंय ते त्यालाच माहीत आहे, दुसरा कुणी शोधत बसेल." खालच्या घेराचे पाटे काढून नवे बसवले, ते वाकवल्यावर भट्टीत लाल करून हळूहळू निवू दिले होते. ब्रॅकेटच्या जागा घासून गुळगुळीत केल्या. सकाळच्या गारठ्यात जोड करायचा नाही. करायचाच तर आधी बर्नरनं लोखंड हाताला चांगलं ऊन लागेपर्यंत तापवायचं. सुखदेवदादा एकेका ब्रॅकेटपाशी पोरीची वेणी घालावी तसे बसत. घाई नाही. रॉड संपत आला की फेकून नवा लावत. त्यांची ती उरलेल्या रॉडची जिरवाजिरव कायमची गेली.

टाकी भर दुपारी भरली, उन्हात. त्यानंतर थंडीची आणखी एक लाट आली. त्या लाटेतल्या सगळ्यात गार सकाळी, उजाडायच्या सुमाराला, मी टाकीपाशी गेलो, तर वेरा पेत्रोव्ना आधीच आलेल्या, आणि सुखदेवदादा घोंगडी अंगावर घेऊन उभे. टाकीवर दवाचे थेंब होते. पूर्वेला आधी करडं झालं, मग तांबूस, मग क्रेनच्या टोकाला ऊन लागलं. ऊन खाली सरकत सरकत टाकीच्या माथ्यावर आलं आणि पाटे तापायला लागल्यावर कुठेतरी बारीकसा टिक् आवाज झाला. आम्ही तिघंही दचकलो. पण तो लोखंड सैलावल्याचा आवाज होता. वेरा पेत्रोव्ना हसल्या आणि रशियनमधे म्हणाल्या, "उठली." मी सांगितलं नाही, तरी सुखदेवदादा हसले.

तेवढ्यात इंजिनिअर साहेब सुखदेवदादांचा ठसा परत घेऊन आले. दादांनी तो हातात घेतला, हातोडी मागितली, आणि मोठ्या जोडाकडे न जाता शिडीकडे गेले. प्रत्येक ब्रॅकेटशेजारी आधीच एक जाड पट्टी लावून घेतली होती, पाट्याला घाव बसू नये म्हणून. त्या पट्टीवर त्यांनी नंबर ठोकला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. असलं कुणी करत नव्हतं, आणि कुणी करायला सांगितलंही नव्हतं.

घरी येऊन ते अंगणात खाटेवर पडले, ते थेट झोपलेच. जेवायलाही उठले नाहीत. कौशल्यावहिनींनी मुलीला शेजारी धाडलं, कोंबड्या हाकलल्या. दुपारी ऊन सरकून त्यांच्या तोंडावर आलं. वहिनी दारातून आल्या आणि लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून खाटेशी उभ्या राहिल्या. सावली त्यांच्या डोळ्यांवर पडली. मी माझ्या उंबऱ्यावर बसलो होतो.

"भाऊजी," त्यांनी कुजबुजत विचारलं, "आता नाही ना फुटत?"

"नाही, वहिनी."

"मग निजू द्या," त्या म्हणाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या.